भांडाराला उमेदवार का मिळत नाही?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आला, तेव्हा दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे. ग्राहक भांडाराच्या निवडणुकीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्या अमळनेरात १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. देशभरातून अभ्यासक तिथे येत, ब्रह्म आणि माया यांचा ऊहापोह चाले. पण त्याच गावात प्रताप मिलचा भोंगाही वाजत होता, आणि पगाराला आठ दिवस राहिले की कामगारांच्या घरातली बाई उधारीची वही घेऊन दुकानात उभी राहत होती. डाळ किती रुपयांची, माप खरं की खोटं, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हासुद्धा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. अलीकडे म्हणजे गेली तीसेक वर्षं. कारण पुढे सांगेन.

सुरुवात दोन निवडणुकांपासून करतो. पहिली तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०२२, जळगाव जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ. एका बाजूला मंत्री गिरीश महाजन आणि गुलाबराव पाटील यांचं पॅनल, दुसऱ्या बाजूला एकनाथराव खडसे यांचं. संघाच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंदाकिनी खडसे यांच्यासमोर चाळीसगावचे आमदार मंगेश चव्हाण उभे राहिले आणि निवडून आले. थंडीच्या दिवसांत जिल्हा तापला होता. विधानसभेला असतं तसं सगळं होतं.

दुसरी निवडणूक कुठल्याच वर्तमानपत्रात आली नाही. आपल्या भागातलं एक जुनं ग्राहक भांडार. नाव सांगत नाही. निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज स्वीकारायला टेबल मांडून बसले. जागा तेरा. पहिल्या दिवशी अर्ज शून्य. शेवटच्या दिवशी दुपारी मॅनेजरने ओळखीच्यांना फोन केले, कसेबसे अकरा अर्ज जमले. छाननी, माघार, चिन्हवाटप, कशाचीच गरज पडली नाही. संध्याकाळी जाहीर झालं : निवडणूक बिनविरोध. पेढे वाटले. दोन जागा रिकाम्याच राहिल्या.

आता बघा, दोन्ही संस्था सहकारी. दोन्ही अन्नाच्या. दोन्हींना कायदा एकच, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. मग एकीकडे आमदार उभे राहतात आणि दुसरीकडे उमेदवार शोधावा लागतो, हे का? आज मला याचा इतिहास सांगायचा आहे.

तो इतिहास सुरू होतो फार लांब, इंग्लंडात. मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. कापडाचं गाव. १८४४ साली तिथल्या अठ्ठावीस लोकांनी, त्यात बरेचसे विणकर, माणशी एक पौंड याप्रमाणे भांडवल गोळा केलं आणि २१ डिसेंबरला टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडलं. माल काय? लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. बस. त्या काळात पिठात खडू मिसळणं, चहात वापरलेला चोथा घालणं हे सर्रास चाले. कामगार उधारीवर जगत असल्यामुळे त्याला बोलायची सोय नव्हती. आपल्याकडे म्हणतात ना, मापात पाप. तर या लोकांनी नियम केले : माल शुद्ध, माप पूर्ण, व्यवहार रोखीने, नफ्यातला वाटा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम, एका सभासदाला एक मत. शेअर एक असो की पन्नास, मत एकच.

या शेवटच्या नियमाचं महत्त्व आज आपल्याला जाणवत नाही, कारण आपण त्याला सरावलो आहोत. पण लक्षात घ्या, १८४४ साली त्या अठ्ठावीस जणांपैकी बहुतेकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मतच नव्हतं. देश चालवण्यात ज्यांना विचारत नव्हते, त्यांनी लोण्या-पिठाच्या दुकानात लोकशाही सुरू केली. बायकांनासुद्धा तिथे सभासद होता येत होतं. पार्लमेंटचं मत त्यांना मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

तुम्ही म्हणाल, रॉचडेलचा आणि खानदेशचा काय संबंध? संबंध कापसाचा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या. रॉचडेलचा विणकर बेकार झाला. त्याच वेळी आपल्याकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचं बियाणं आणून ते इथल्या शेतकऱ्याच्या माथी मारलं, रेल्वे भुसावळपर्यंत आली, आणि ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस पसरला. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव कोसळले. शेतकऱ्याजवळ उरलं काय? कर्ज. घरचं धान्य कमी झालेलं, त्यामुळे खायला विकत आणायचं, तेही सावकाराच्याच दुकानातून. म्हणजे एकाच संकटाची दोन टोकं. तिकडच्या माणसाकडे आपलं स्वतःचं दुकान होतं, अडचणीच्या काळात ते तगलं आणि सभासदांनाही आधार झालं. इकडच्या माणसाकडे फक्त सावकाराची वही होती.

म्हणून आपल्याकडे सहकार आला तो कर्जाच्या दाराने आला. १९०४ चा कायदा हा पतसंस्थांचाच कायदा होता. दुकान काढायचं तर त्यात तरतूदच नव्हती. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात त्याच सुमारास सुशिक्षित मंडळींनी ग्राहकांचं भांडार सुरू केलं आणि ते पुढे मोठं झालं, पण तो अपवाद. इतर प्रकारच्या संस्थांना कायद्याने दार उघडलं ते १९१२ साली. तोवर सरकारच्या, आणि आपल्याही, मनात एक चित्र पक्कं झालेलं होतं : सहकार म्हणजे शेतकऱ्याला कर्ज. शेतकरी हा कर्जदार आहे, उत्पादक आहे. तो जेवतोसुद्धा, बाजारातून मीठ-तेल-गूळ आणतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. साने गुरुजींनी त्यासाठी किती पायपीट केली ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे शेतीचा जो कार्यक्रम मंजूर झाला, त्यात कर्जमुक्ती आहे, खंड कमी करणं आहे, सहकारी शेतीसुद्धा आहे. ग्राहकाचं दुकान त्यात ठळकपणे नाही. मी टीका करत नाही. भुकेल्या माणसाला आधी जमीन सोडवायची होती.

ग्राहक भांडारं खऱ्या अर्थाने आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली बंगालात दुष्काळ, मुंबईत रेशनिंग सुरू. साखर, रॉकेल, धान्य, कापड, सगळं नियंत्रित. वाटप करायला विश्वासाची यंत्रणा हवी, म्हणून सहकारी भांडारं गावोगाव निघाली. लोकांना ती हवी होती, कारण दुसरीकडे माल मिळतच नव्हता. मग रफी अहमद किडवई अन्नमंत्री झाले आणि १९५४ पर्यंत धान्यावरची नियंत्रणं उठली. नियंत्रणं उठली तशी बहुतेक भांडारंही उठली. सभासद परत पेठेत गेला.

टिकलं कोण? मुंबईत नायगावला १९४८ साली समाजवादी विचारांच्या गिरणी कामगारांनी रेशनच्या दुकानापासून सुरुवात केली. तेच पुढे 'अपना बाजार' झालं, आणि १९६८ साली त्यांनी मोठं बहुवस्तू दुकान उघडलं. ते टिकलं याचं एक कारण असं की त्या दुकानामागे आधीच एक चळवळ होती. युनियनच्या सभेत भांडणारा माणूस भांडाराच्या सभेतही भांडायचा. आपल्याकडे अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे गिरण्या होत्या, लाल बावट्याचे कामगार होते, जिवावर उदार होऊन लढलेले. पण पगारासाठी लढणं आणि दुकान चालवणं या दोन गोष्टी आपल्याकडे तितक्या जोडल्या गेल्या नाहीत. हे माझं निरीक्षण आहे. जुने कामगार कार्यकर्ते इथे असतील तर त्यांनी मला दुरुस्त करावं.

मग आलं १९६२. चीनचं युद्ध, महागाईची भीती. नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्र सरकारने योजना आखली : पन्नास हजारांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत घाऊक ग्राहक भांडारं आणि त्यांच्याखाली प्राथमिक भांडारं. जळगाव, धुळे दोन्ही त्या निकषात बसत होती. सरकारने भागभांडवल दिलं, कर्ज दिलं, गोदामाला पैसे दिले. आणि पैसे दिले म्हणून माणसंही दिली. सरकारनियुक्त संचालक, प्रतिनियुक्तीवरचे व्यवस्थापक. साखरेचा कोटा, नियंत्रित कापड, पुढे पामतेल, हे भांडारातून मिळू लागलं. आमच्या पिढीला ती रांग आठवते. पिशवीत कार्ड, हातात डबा, आणि दिवाळीच्या आधी रव्या-साखरेसाठी पहाटे लावलेला नंबर.

पण इथे एक गोष्ट घडली ती नीट पाहायला हवी. रॉचडेलचं दुकान सभासदांनी काढलं, म्हणून ते त्यांचं होतं. आपलं भांडार सरकारने काढलं, म्हणून ते आपल्याला सरकारी वाटलं. नावापुढे 'सहकारी' होतं, प्रत्येक पाटीवर तुकोबांची ती प्रसिद्ध ओळ होती, पण काउंटरपलीकडचा माणूस कारकुनासारखा बोलायचा आणि अलीकडचा माणूस अर्जदारासारखा. आमच्याकडे एखादी म्हातारी ठणकावून म्हणाली असती, "हाई दुकान आपलं शे", तर लोक हसले असते. रांगेत उभा राहणारा माणूस निवडणुकीला उभा राहत नाही. मालक उभा राहतो. आपण कधी मालक झालोच नाही.

याला एक चांगला अपवाद सांगतो. १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतरची महागाई. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याच काळात पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यात होते. त्यांनी केलं काय? दुकानच काढलं नाही. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, पंचायत घाऊक खरेदी करणार, ठरल्या दिवशी टेम्पो येऊन माल एका घरी उतरवणार, आणि सभासदांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. काउंटर नाही, भाडं नाही, सेल्समन नाही. काम मात्र सगळ्यांना. गंमत अशी की ज्यांना पाळीपाळीने माल उतरवून घ्यावा लागतो, यादी तपासावी लागते, त्यांच्यातून कार्यकर्ते आपोआप तयार होतात. ॲरिस्टॉटल म्हणतो, नागरिक कोण? तर जो पाळीने राज्य करतो आणि पाळीने राज्य मानतो तो. अथेन्समध्ये तर बरीचशी पदं चिठ्ठ्या टाकून भरत. टेम्पोतून तांदळाची पोती उतरवून घेणाऱ्या त्या गृहिणी ॲरिस्टॉटल न वाचता त्याच वाटेने चालल्या होत्या.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तीस वर्षं म्हणालो ती इथे येतात. १९८९ च्या उन्हाळ्यात मीही एका भांडाराचा संचालक झालो. नोकरदारांचं भांडार होतं. झालो म्हणजे कसा? सचिव घरी आले. "सर, फक्त सही करा. सूचक, अनुमोदक सगळं तयार आहे." जागा सात, अर्ज सात. प्रतिष्ठित माणूस हवा होता, आणि मी नुकताच पीएच.डी. झालो होतो. बिनविरोध निवडून आलो. मला अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. त्या काळी संचालकाला पद घेतल्यावर पंधरा दिवसांत एम-२० नमुन्यातलं बंधपत्र लिहून द्यावं लागे : समितीच्या निर्णयांना आम्ही सगळे संयुक्तपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार आहोत. त्या कागदावर मी सही केली. वाचला नाही. ज्या माणसाने कांटच्या जबाबदारीच्या कल्पनेवर तासन्‌तास व्याख्यानं दिली, त्याने जबाबदारीचा कागद वाचला नाही!

दर महिन्याला सभा होई. चहा, भजी, आणि विषय क्रमांक एक ते सहा सर्वानुमते मंजूर. दोन वर्षांत मी गोदाम उघडून पाहिलं नाही. शिल्लक मालाची यादी समोर यायची, मी खाली सही करायचो. मग वार्षिक सभा आली. एक सभासद ड्यूटीवर होता, म्हणून त्याची बायको आली होती. ती उठून म्हणाली, "साहेब, तूरडाळ शिजत नाही. दोन महिने झाले. कुठल्या गिरणीची घेतली?" जळगाव म्हणजे डाळ मिलचं गाव, आणि आमच्या भांडारात न शिजणारी डाळ! प्रश्न अगदी बरोबर होता. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शब्दात मी हुशार. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ताई, हा विषय पत्रिकेवर नाही. आणि शेअर तुमच्या नावावर नाही, त्यामुळे तुम्हाला बोलता येणार नाही." नियमाने मी बरोबर होतो. लोक हसले. ती खाली बसली.

पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात माल तूट निघाली. गोदामातल्या खालच्या थराच्या पोत्यांना सोनकिडे लागले होते, काही पोती कागदावरच होती. कुणी खाल्लं, किती खाल्लं, याचा निकाल शेवटपर्यंत नीट लागला नाही. भांडार बंद पडलं. आम्ही सात जणांनी थोडे थोडे पैसे भरून प्रकरण मिटवलं. माझं नुकसान फार नव्हतं. पण मला ती बाई आठवत राहिली. त्या सभागृहात डाळीबद्दल खरं ज्ञान फक्त तिच्याजवळ होतं, आणि तिला गप्प बसवायचं काम मी केलं. ती रोज डाळ शिजवत होती. आम्ही सातही जण घरी फक्त जेवत होतो.

तेव्हापासून मी हा प्रश्न मनात घेऊन फिरतो आहे. रॉबर्ट मिशेल्स नावाचा समाजशास्त्रज्ञ होता. त्याने १९११ साली लिहून ठेवलं की कुठलीही संघटना, अगदी समतावाद्यांचीसुद्धा, शेवटी मूठभरांच्या हाती जाते. त्याला तो लोखंडी नियम म्हणतो. आपल्या साखर कारखान्यांकडे पाहिलं की नियम पटतो. पण भांडाराचं दुखणं याच्या उलटं आहे. तिथे मूठभरांनाही सत्ता नको आहे!

इथे मला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० सालचं पुस्तक उपयोगी पडलं. तो म्हणतो, संस्था बिघडली की सभासदापुढे दोन वाटा असतात. एक, निघून जाणं. दुसरी, राहून बोलणं. निघून जाणं जितकं सोपं, तितकं बोलणं कमी होतं. भांडाराची डाळ शिजली नाही तर समोर वाणी आहे, आज तर मॉल आहे, मोबाइलवर मागवलं की घरपोच येतं. मग भांडायचं कशाला? विशेष म्हणजे सर्वांत चोखंदळ ग्राहक सर्वांत आधी निघून जातो. म्हणजे ज्याने उत्तम संचालक व्हायचं, तोच सभासदांतून गळतो. मागे उरतो तो सवयीने येणारा, आणि मॅनेजर.

दूध संघाचं तसं नाही. तिथे रोजचं दूध आहे, नोकऱ्या आहेत, वाहतुकीचे ठेके आहेत, गावोगावच्या संस्थांशी संबंध आहे. बराच काळ जळगावचा संघ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या व्यवस्थापनाखाली होता, तो २०१५ साली निवडून आलेल्या मंडळाकडे आला, आणि लगेच ती राजकारणाची पायरी झाली. पण तिथेही एक गोष्ट विसरू नका. गोठ्यात शेण काढणारी बाई संचालकाला मत देत नाही. मत देतो तो तिच्या गावच्या दूध संस्थेचा प्रतिनिधी. लाखो लिटर दुधाच्या संघाचे मतदार काही शेच असतात. म्हणून तिथे प्रत्येक मताला किंमत येते, आणि किंमत आली की काय होतं ते मी सांगायला नको. तर एकीकडे चुरस आहे पण मालक मतदानाला नाही. दुसरीकडे मालकाला थेट मत आहे पण चुरस नाही. अन्नाच्या सहकाराची ही आपल्याकडची दोन दुखणी.

कायद्याने उपाय केले नाहीत असं नाही. ९७ वी घटनादुरुस्ती २०१२ साली अंमलात आली. सहकारी संस्था स्थापन करणं हा मूलभूत हक्क झाला. संचालक एकवीसपेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, दोन जागा स्त्रियांसाठी, एक अनुसूचित जाती-जमातींसाठी. महाराष्ट्राने कायदा बदलला, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण नेमलं. २०२१ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतला राज्यांच्या संस्थांपुरता भाग रद्द ठरवला, कारण राज्यांची संमती घेतलेली नव्हती. पण आपल्या राज्याच्या कायद्यातली चौकट राहिली. आता मतदार यादी वेळेवर लागते, हरकती घेता येतात. चांगलं झालं. पण प्राधिकरण मतपेटी देऊ शकतं, उमेदवार देऊ शकत नाही. बायकांच्या दोन जागा भरायला कित्येकदा संचालकाच्याच घरातलं नाव लिहिलं जातं, आणि सभेच्या वहीवर सही घ्यायला वही घरी पाठवतात.

मग भांडार हवंच कशाला, असा प्रश्न तुम्ही विचारू शकता. पेठेत माल मिळतोय ना. मी उत्तर असं देतो : पेठेतल्या दुकानात तुम्हाला भाव विचारता येतो, खरेदीचं बिल मागता येत नाही. भांडारात येतं. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क आहे. लाभांशावर पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे, नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, म्हणजे कुणी एकाने तिजोरी रिकामी करू नये. आपल्या ताटात काय येतं याची झडती घेण्याचा हक्क असलेली ही एकच जागा आहे. ती बंद पडली की तो हक्क जातो, आणि गेल्याचं कळतही नाही.

आता कुणाला उभं राहायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. पहिलं, आपलं नाव यादीत आहे का ते तात्पुरती यादी लागेल तेव्हाच पाहा. अंतिम झाल्यावर रडून उपयोग नाही. दुसरं, थकबाकी भरून टाका, थकबाकीदाराचा अर्ज छाननीत उडतो. तिसरं, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा आणि त्यात एकच आकडा आधी शोधा, अखेरचा शिल्लक माल. तो दरवर्षी वाढत असेल आणि विक्री घटत असेल, तर गोदामात काहीतरी सडतं आहे किंवा काहीतरी नाही आहे. चौथं, निवडून आलात तर पहिल्या सभेआधी गोदाम उघडायला लावा. खालच्या थराचं पोतं बघा. आणि पाचवं, घरातला शेअर जी व्यक्ती स्वयंपाक करते तिच्या नावावर करा. हे पाचवं सर्वांत महत्त्वाचं.

शेवटी एक कबुली आणि एक विनंती. सुरुवातीला ज्या भांडाराबद्दल बोललो, त्याच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. मी तिथला सभासद आहे. माझं वय सत्तरच्या पुढे गेलं, पण सोनकिडा अजून डोळ्यांना दिसतो. जागा भरायचा कार्यक्रम लागेल तेव्हा मी अर्ज भरणार आहे. विनंती अशी की कृपा करून मला बिनविरोध निवडून देऊ नका. एकदा मी तसा निवडून आलो आहे, त्याचा परिणाम सांगितला. माझ्याविरुद्ध कुणीतरी उभं राहा. शक्यतो अशा कुणीतरी, जिला डाळ शिजते की नाही हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी प्रचाराला तुमच्या घरी येईन, तुम्ही माझ्या घरी या. मी हरलो तर पेढे मी वाटेन.